उभ्या चारच

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाचं वाकडं केलं असेल तर ते एकदाच, आणि तेही अगदी नियमाला धरून. दुर्दैव एवढंच, की ज्यांचं वाकडं झालं त्यांत आमची स्वतःचीच लेक निघाली.

हे म्हणजे दिगंबर सबनीस, सरकारी ऑडिटातले. मूळ साताऱ्याचे; बदल्या होत होत आम्ही चंदीगडला येऊन पडलो होतो. माणूस सरळ, इतका सरळ की कधी कधी माझं डोकं फिरायचं. ज्या ऑफिसचे हिशेब तपासायला जायचं तिथला चहा तर सोडाच, पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. रोज सकाळी मी निळा थर्मास भरून द्यायची आणि तो बगलेत मारून स्वारी निघायची. मी घरात कोथिंबिरीची जुडी आणली तरी हे तिच्याकडे अशा नजरेने बघायचे, की आता हिची पावती मागतात की काय असं वाटावं.

मी त्यांच्या अगदी उलट. सांगलीची, तोंडाने फटकळ, आणि शाळेत असताना खो-खोच्या संघाची कप्तान. लग्नानंतर ते सगळं ट्रंकेच्या तळाशी गेलं होतं. ते बाहेर निघालं चंदीगडमध्ये, सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत शहाणी माणसं दारंखिडक्या लावून घरात बसत होती तेव्हा.

पंजाबात तेव्हा अतिरेक्यांचा धुमाकूळ होता, बस अडवून माणसं मारायचे. चंदीगड त्यातल्या त्यात सुरक्षित, असं सगळे म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली आणायचे. अंधार पडला की रस्ते ओस. बसमध्ये चढल्यावर आधी सीटखाली बघायचं, बेवारशी पिशवीला हात लावायचा नाही, हे पोरांना पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. दिवेलागणीच्या आत मुली घरात. आमची चित्रा चौदा वर्षांची, उंच, काटक, एका जागी बसेल तर शपथ. मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर यायचं हिंदीत. "आई, मैं घर में सड़ रही हूँ," असं ती एके दिवशी म्हणाली, आणि मला ते खरंच वाटलं.

संध्याकाळ आमची नव्हती, पण पहाट होती. क्वार्टर्ससमोरच्या पार्कात निलगिरीची दोन झाडं समोरासमोर उभी होती. तेच आमचे खांब. मी फक्कीने मैदान आखलं आणि चित्राबरोबर कॉलनीतल्या मुली गोळा केल्या. बघता बघता बाराजणी झाल्या. त्यांतली बारावी रूपिंदर, मोहालीची. तिचे वडील रोडवेजच्या बसचे ड्रायव्हर. त्या दिवसांत बस चालवणं म्हणजे काय होतं ते मी सांगायला नको. हा माणूस रोज पहाटे धुक्यातून सायकलवर लेकीला घेऊन यायचा, तिला पार्कात सोडायचा, आणि ड्यूटीला जायच्या आधी दोन मिनिटं उभा राहून तिचं पळणं बघायचा. पोरगी वाऱ्यासारखी पळायची.

आमच्या पार्काच्या कोपऱ्यावर रेतीच्या पोत्यांची चौकी होती. तिथे हवालदार चौबे म्हणून एक बिहारी गृहस्थ बंदूक घेऊन बसलेले असत. दुसऱ्याच आठवड्यात जीपमधून कर्णा फिरला, शहरात जमावबंदी लागली, पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. चौबे चौकीतून उठून आमच्याकडे आले.

"बहनजी, चार से ज़्यादा नहीं. ऊपर से ऑर्डर है."

"अहो, खेळताहेत पोरी! ह्या काय मोर्चा काढणार आहेत?" मी तावातावाने मराठीतच सुरुवात केली आणि मग हिंदीवर आले. "आप पहले खेल देखिए, फिर बोलिए."

चौबेंनी खेळ बघितला. आठजणी मधल्या रांगेत एकीआड एक उलट्या तोंडांनी उकिडव्या बसलेल्या, एक पाठलाग करणारी, तीन पळणाऱ्या. पाठलाग करणारी बसलेलीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणते, की ती उठते आणि तिच्या जागी ही बसते. हवालदार बराच वेळ हनुवटी खाजवत उभे होते.

"ये जो बैठी हैं, अपने आप नहीं उठेंगी?"

"जब तक पीछे से खो न मिले, नहीं उठ सकतीं. नियम है."

"तो खड़ी कितनी हुईं?"

मी बघितलं. एक आणि तीन. "चार," मी म्हटलं.

"चार," चौबे समाधानाने म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "और आप पाँचवीं." ते चौकीत गेले, तेलाचा एक रिकामा डबा घेऊन आले, उपडा करून माझ्यापुढे ठेवला. "आप बैठ जाइए. बैठे हुओं का जमाव नहीं होता."

हे कुठल्या कायद्यात लिहिलं होतं देव जाणे. पण बंदूक त्यांच्याकडे होती, म्हणजे त्यांचाच अर्थ खरा. त्या दिवसापासून मी पंचगिरी तेलाच्या डब्यावर बसून केली. सांगलीच्या माझ्या बाईंनी ते बघितलं असतं तर कान पिळला असता. मुलींना मात्र ते इतकं आवडलं की खेळ सुरू करताना त्या ओरडायच्या, "खड़ी कितनी?" आणि सगळ्या मिळून, "चार!"

दोन महिन्यांत पोरी अशा तयार झाल्या की मला रात्री झोप येईना. हुलकावणी द्यायची तर चित्राने, आणि सूर मारून बाद करायचं तर रूपिंदरने. फेब्रुवारीत भोपाळला राष्ट्रीय कुमारी स्पर्धा होती. तिथे ह्या पोरींना न्यायचंच, असं माझ्या मनाने घेतलं. पण तिथे कुणी उठून संघ नेऊ शकत नव्हतं. संघ पाठवायचा तो उत्तर क्षेत्र क्रीडा साहाय्य मंडळाने. सरकारचा पैसा ह्या मंडळाकडे यायचा. ज्या खेळांना मंडळाचं साहाय्य, त्यांनाच प्रशिक्षक, शिबिरात दूध-अंडी-केळी, आणि स्पर्धेचं तिकीट. बाकीच्यांनी घरी बसायचं.

मंडळाचं ऑफिस सेक्टर सतरामध्ये, प्लाझावर दुसऱ्या मजल्यावर. मी एकटीच गेले. सेक्रेटरी मक्कड साहेब. गोरेगोमटे, अतिशय गोड बोलणारे. माझ्यासाठी चहा मागवला, बिस्किटं मागवली आणि हात जोडून म्हणाले, "मैडम, खो-खो तो आप बंद ही समझिए. अगली मीटिंग में लिस्ट से निकल रहा है."

"का?" माझ्या तोंडून मराठीतच गेलं.

"ऑडिट ऑब्जेक्शन." त्यांनी तो शब्द एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसा घेतला. दोन वर्षांपूर्वी मंडळाने मुलींचं खो-खोचं शिबिर स्टेडियमवर घेतलं होतं, संध्याकाळी, दिवे लावून. रोज दूध यायचं, अंडी यायची. एक ऑडिटर अचानक येऊन चार संध्याकाळी मैदानावर उभा राहिला. एकही मुलगी दिसली नाही. त्याने लिहिलं, की ज्या खेळाडू हजर नाहीत त्यांच्या नावाने आहार काढला आहे, सबब खर्च अमान्य. तेव्हापासून मंडळाने खो-खोच्या नावाने कानाला खडा लावला होता.

"बड़े सख़्त आदमी थे," मक्कड म्हणाले. "पानी तक नहीं पिया हमारे यहाँ. अपना थर्मस साथ लाए थे. नीले रंग का."

हातातलं बिस्कीट मी बशीत परत ठेवलं. रोज सकाळी ज्याचं बूच मी दाबून बसवते तो थर्मास मला नाही ओळखू येणार, तर कुणाला? मी उरलेला चहा कसाबसा संपवला आणि घरी आले. नवऱ्याची वाट बघत मी त्या दिवशी पोळ्या नुसत्या बडवल्या.

"दूध काढलं होतं आणि मुली नव्हत्या," हे शांतपणे म्हणाले. "मी काय लिहायला हवं होतं?"

"मुली कुठे आहेत, ते विचारायला हवं होतं!"

"ते ऑडिटच्या कक्षेत येत नाही, नलिनी."

"कक्षा! अहो, अंधार पडल्यावर त्या स्टेडियमवर कुठला बाप पोरीला पाठवणार होता? तुम्ही पाठवलं असतंत चित्राला? मुली घरात होत्या. भीतीने घरात होत्या. तुम्ही मैदान बघितलंत, वेळ बघितलीत, दुधाची किटली बघितलीत, आणि सगळं बघून झाल्यावर शिक्षा झाली ती ज्यांनी ते दूध तोंडालाही लावलं नाही त्यांना. दूध प्यालं ते भलत्यांनीच, आणि खेळ बंद झाला आमचा!"

हे चष्मा काढून पुसत राहिले. चित्रा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती हिंदीतसुद्धा काही बोलली नाही, आणि ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डब्यावर बसले होते तर मफलर गुंडाळलेली एक आकृती धुक्यातून येताना दिसली. हे. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी मला खेळाविषयी एक प्रश्न विचारला नव्हता. चौबेंनी त्यांनाही कोपऱ्यातल्या दगडावर बसवलं. अर्धा तास ते तिथे गारठत बसले होते. पळताना चित्राने एकीला अशी झुकांडी दिली की ह्यांच्या हातातला थर्मास कलंडला.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बसलेल्या मुली स्वतःहून उठत का नाहीत? संधी तर समोर असते."

"मागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. नियम आहे."

"नियम आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खेळाविषयी थोडा आदर दिसला. मग परत तेच लांब तोंड. "पण मी आता काही करू शकत नाही. पोरगी माझी आहे. मी एक शब्द बोललो तरी तो घरच्यासाठी बोलल्यासारखा होईल. ते गैर आहे."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ह्या माणसाचं काय करायचं? लाच खाल्ली असती तर निदान भांडता आलं असतं. प्रामाणिक नवऱ्याशी भांडायची सोय देवाने ठेवलेली नाही.

मंडळाची सभा जानेवारीत, भर दुपारी होती. मी बाराही मुलींना घेऊन सेक्टर सतराला गेले. बाराजणींचे स्वेटर बारा रंगांचे, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांना खाली प्लाझावर उभ्या करून मी वर गेले. म्हटलं, दोन मिनिटं बोलू द्या, मुली खिडकीतून दाखवते. मक्कड दारातच उभे.

"बाहरवालों को इजाज़त नहीं है, मैडम. और अब बचा क्या है? नोट तैयार है." त्यांनी अगदी दुःखाने मान हलवली. "लिखा है, प्रतिभागी उपलब्ध नहीं."

"उपलब्ध नाहीत?"

"जी. उपलब्ध नहीं."

दार बंद झालं. मी जिना उतरताना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाली आले तेव्हा मुली एका ओळीत उभ्या होत्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. रूपिंदर हळूच म्हणाली, "आंटी, निकाल दिया ना? पापाजी को क्या बोलूँगी?"

तिच्या त्या प्रश्नाने माझं सगळं रक्त डोक्यात चढलं. बाप रोज जीव मुठीत धरून बस चालवतो आणि तरी पोरीला पहाटे मैदानावर आणतो, आणि वर दुसऱ्या मजल्यावर लिहून ठेवलंय की ही पोरगी उपलब्ध नाही! मी प्लाझावर नजर फिरवली. दिव्याचे दोन खांब, समोरासमोर. अंतर जरा जास्त होतं, पण निलगिरीचं तरी कुठे बरोबर होतं?

"चित्रा, पिशवीतली फक्की काढ," मी म्हटलं. "इथेच खेळायचं. खिडकीखाली. जमीन सिमेंटची आहे, सूर कुणी मारायचा नाही, हे आत्ताच सांगते."

हिवाळ्यातली दुपार म्हणजे सेक्टर सतरामध्ये निम्मं सरकार उन्हात असतं. बँकांतले, कचेऱ्यांतले लोक मूंगफली सोलत, संत्री खात हिंडत असतात. मुलींनी पांढऱ्या रेघा ओढल्या तेव्हा दोघं-चौघं थांबले. आठजणी रांगेत बसल्या तेव्हा आणखी थांबले. "खड़ी कितनी?" चित्रा ओरडली. "चार!" आणि खेळ सुरू झाला.

त्या दिवशी माझ्या पोरी जशा खेळल्या तसा खेळ मी सांगलीतही बघितलेला नाही. चित्रा रांगेतून साखळी घालत अशी पळत होती की पाठलाग करणाऱ्यांची दमछाक झाली. खो, खो, खो, एकामागून एक उठत होत्या, बसत होत्या, आणि ती कुणाच्या हाताला लागत नव्हती. दुकानदार गल्ला सोडून बाहेर आले. एक म्हातारे सरदारजी पोरीला पकडून दाखवा म्हणून काठी आपटत ओरडत होते, "ओए बल्ले! फड़ के दिखाओ कुड़ी नूँ!" शेवटी रूपिंदरला खो मिळाला. ती उठली, चित्रा खांबाकडे वळली, आणि मी सांगितलेलं सगळं विसरून त्या वेड्या पोरीने सिमेंटवर सूर मारला. बघते तर रूपिंदर आडवी, सलवार गुडघ्यावर फाटलेली, गुडघ्यातून रक्त, आणि तिच्या हाताची बोटं चित्राच्या बुटावर. बाद!

काय टाळ्या पडल्या! आणि त्या टाळ्यांतच शिट्टी वाजली.

पोलीस इन्स्पेक्टर चार शिपाई घेऊन गर्दीतून आत आला. त्याचंही चुकत नव्हतं बिचाऱ्याचं. त्या दिवसांत एवढी गर्दी म्हणजे त्याच्या छातीत धडकीच. "ये क्या मजमा लगा रखा है? दफ़ा एक सौ चवालीस लगी है, मालूम नहीं? चलो, हटो सब! किसकी इजाज़त से हो रहा है ये?"

लोक मागे सरकायला लागले. मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही तरी बोलणार, एवढ्यात माझ्या पाठीमागून ओळखीचा आवाज आला.

"एक मिनिट, साहब. पहले गिन लीजिए."

हे! एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या बगलेत निळा थर्मास. त्यांचं ऑफिस पलीकडेच. जेवणाच्या सुट्टीत उन्हात बसायला आलेले. किती वेळ गर्दीत उभे होते कोण जाणे.

"क्या गिनूँ?" इन्स्पेक्टर वैतागला.

"खेळणाऱ्या... मतलब, जो लड़कियाँ खड़ी हैं. बैठी हुई अपने आप उठ नहीं सकतीं. नियम है." हे बोटाने दाखवत मोजू लागले, ऑफिसात बेरीज तपासावी तसे. "एक पकड़नेवाली. एक, दो, तीन भागनेवाली. कुल चार. और पंच, मेरी पत्नी, वो भी बैठी हैं." मी कुणाच्या तरी दुकानातून आलेल्या खोक्यावर बसले होते, सवयीने. "चार का जमाव नहीं होता."

"और ये सौ आदमी?" इन्स्पेक्टरने गर्दीकडे हात केला.

तिथे हे अडकले. मला ते दिसलं. खोटं मोजणं त्यांच्या रक्तात नाही, आणि माणसं तर खरंच शंभर होती. मग त्यांनी डबा खाली ठेवला, थर्मास त्याच्या शेजारी ठेवला, पँट गुडघ्यांपाशी जरा वर ओढली, आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी सिमेंटवर मांडी घालून बसले.

मग ते काठीवाले सरदारजी मोठ्याने हसले आणि "लै, असी वी बैठ गए!" म्हणत खाली बसले. त्यांच्या शेजारचे दोन बँकवाले बसले. मूंगफलीवाला टोपली पुढ्यात घेऊन बसला. बायका शाली सावरून बसल्या, दुकानदार पायऱ्यांवर टेकले. गवताला वारा लागावा तसा सगळा प्लाझा कडेपर्यंत खाली बसत गेला. शिपायांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेही हळूच बसले.

उभ्या राहिल्या माझ्या चार पोरी. आणि इन्स्पेक्टर.

"अब पाँच हो गए, साहब," हे अतिशय नम्रपणे म्हणाले. "आप बैठ जाएँ तो हिसाब मिल जाएगा."

इन्स्पेक्टरच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, आता हा ह्यांना धरून नेतो. त्याने ह्यांच्याकडे बघितलं, रूपिंदरच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं, खिशातून रुमाल काढून तिच्याकडे फेकला. "बाँध ले, पुत्तर," तो म्हणाला, आणि टोपी काढून पहिल्या रांगेत बसला. असा काही गजर झाला, की प्लाझावरची सगळी कबुतरं उडाली.

त्या गजराने दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक डोकं, दोन डोकी, मग सगळं मंडळच खिडकीत. मी खोक्यावर बसल्या बसल्या ओरडले, "मक्कड साहब! प्रतिभागी उपलब्ध हैं!"

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त ब्रिगेडियर होते. ते खाली आले, मागोमाग मक्कड. दुसरा डाव त्यांनी शेवटपर्यंत बघितला, आणि माझ्या सूचनेवरून बसून बघितला. मग म्हणाले, "मक्कड, ये लड़कियाँ कहाँ छुपा रखी थीं?"

"सर, ऑडिट..." मक्कडांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी थर्मास ओळखला होता. "ऑब्जेक्शन इन्हीं का है."

सगळ्यांचे डोळे ह्यांच्यावर. हे जमिनीवरच बसलेले. मी त्यांचा चेहरा बघत होते. मला वाटलं, आता परत म्हणतील, पोरगी माझी आहे, मी बोलू शकत नाही.

"माझं... मेरा ऑब्जेक्शन सही था," हे म्हणाले. "दूध स्टेडियम में था, लड़कियाँ नहीं थीं. मैंने लिखा कि वे कहाँ नहीं हैं. कहाँ हैं, ये मैंने नहीं पूछा, आपने भी नहीं पूछा. इन दिनों में शाम का कैंप लड़कियों के लिए कैंप ही नहीं है. जहाँ लड़कियाँ हैं, जिस वक़्त हैं, वहाँ दूध भेजिए. फिर ऑडिट को कुछ नहीं कहना." ते जरा थांबले. "इनमें एक मेरी बेटी है. इसलिए आपके हिसाब आज से मैं नहीं देखूँगा. मेरे साहब को लिख दूँगा, किसी और को भेजेंगे. वो मुझसे भी सख़्त हैं. सुबह छह बजे पार्क में भेजिए. गिन लेंगे."

ब्रिगेडियर साहेबांनी तिथेच, त्या फक्कीच्या रेघांवर, सभा पुरी केली. खो-खो यादीत राहिला. मुलींची शिबिरं ह्यापुढे सकाळी, आणि स्टेडियमवरच नव्हे, तर मुली राहतात त्या सेक्टरच्या मैदानांत. आणि फक्त आमच्याच खेळाची नव्हेत, सगळ्याच खेळांची. मक्कड भराभर लिहून घेत होते आणि इतके खूश दिसत होते, की जणू ही कल्पना त्यांचीच.

पुढचंही सांगून टाकते. महिन्याभराने आम्ही भोपाळला गेलो. उपान्त्य सामन्यात महाराष्ट्राच्या मुलींनी आम्हाला हरवलं. जीव हळहळला माझा, पण कुणाकडून हरलो ह्याचं गुपचूप बरंही वाटलं. तिसऱ्या आलो. स्टेशनवर रूपिंदरचे वडील ड्यूटीच्या खाकी कपड्यांत उभे होते. तिने पदक काढून त्यांच्या गळ्यात घातलं, आणि तो धिप्पाड माणूस फलाटावर ढसाढसा रडला.

पण मला विचाराल तर आम्ही जिंकलो ते त्याच दुपारी. लोक उठले, टाळ्या वाजवत, कपडे झटकत कामांना गेले. इन्स्पेक्टर गेला. मंडळ वर गेलं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. हे मात्र अजून तिथेच, मांडी घालून, डबा पुढ्यात.

"उठा की आता," मी म्हटलं. "सुट्टी संपली तुमची."

"कसा उठू?" हे गंभीरपणे म्हणाले. "नियम आहे ना."

मी हसणार, तेवढ्यात चित्रा पळत आली. ती ह्यांच्या मागे उभी राहिली, फक्कीने पांढरा झालेला हात तिने त्यांच्या कोटाच्या पाठीवर ठेवला. त्या महिन्यात ती बापाशी धड बोललीही नव्हती.

"खो, बाबा," ती म्हणाली. आणि मग चक्क मराठीत, "उठा. तुमच्यामुळे उठलो आम्ही सगळ्या."

हे उठले. कोटावरचा तो पांढरा पंजा मी झटकायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. तो पंजा तसाच पाठीवर घेऊन माझा नवरा ऑफिसात गेला, आणि संध्याकाळी तसाच घरी आला.